पोलिसांच्या गोळीने माणूस गेला तर: कोकणातल्या कुटुंबाने पहिल्या तासापासून काय करावं

जेटीवर ओहोटीला सांडलेलं रक्त पुढच्या भरतीनंतर दिसत नाही. जांभ्याच्या तांबड्या वाटेवर तर ते लख्ख उन्हातही चटकन ओळखू येत नाही, आणि पावसाळ्यात एक जोराची सर आली की पुंगळ्या, पावलांचे ठसे, ओढल्याच्या खुणा सगळं वाहून जातं. म्हणून या लेखाची सुरुवात पुराव्यापासून आहे. कायद्याची कलमं लागतील तिथे येतीलच.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासाठी स्वयंसेवक म्हणून काम करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. पोलिसांविरुद्धची प्रकरणं न्यायाधीशांसमोर पडतात ती बरीच नंतर, पण त्यांची हार पहिल्या दोन दिवसांतच ठरलेली असते. कोठडीतल्या मारहाणीच्या एका प्रकरणात मुलगा घरी आला तेव्हा आईने रात्रीच त्याचा शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातला होता. तिने मायेने केलं. पुरावा मात्र गेला.

पोलीस गोळीबार म्हटलं की आपल्याला मुंबईतल्या टोळ्या आणि एन्काउंटर आठवतात. कोकणाचा अनुभव वेगळा आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या त्या गावकऱ्यांवर. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई आणि न्हावा-शेवा भागात पाच जण गेले ते जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिलेले भूमिपुत्र होते. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर प्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनात साखरी नाट्याला जो तरुण गेला तो मच्छीमार होता. आपल्याकडे गोळी जमिनीच्या आणि समुद्राच्या प्रश्नावर जमलेल्या माणसांवर आली आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

पोलिसांना गोळी झाडायचा अधिकार कुठवर आहे

पोलिसांना आत्मसंरक्षणाचा अधिकार आहे, अगदी तुमच्या-माझ्यासारखाच. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याबद्दल आहेत आणि त्यातच मर्यादाही आहे: बचावाला लागेल तेवढीच इजा. अटक करताना आरोपी झटापट करू लागला तर बळ वापरता येतं. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमातून मिळत नाही. पाठमोऱ्या पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणं म्हणूनच फार गंभीर ठरतं.

जमावासाठी कलम १४८ आहे. पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी, किंवा तो नसेल तर उपनिरीक्षक दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी. म्हणून जमावावर गोळीबार झाला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आदेश कोणी दिला, किती वाजता दिला, ध्वनिक्षेपकावरून तो मराठीत ऐकू आला का, आणि लोकांना पांगायला वाट मोकळी होती का. खाडीच्या पुलावर किंवा अरुंद पाखाडीत दोन्ही बाजूंनी पोलीस असतील तर पांगणार कुठे? हे तुमच्या जबाबात नकाशासह यायला हवं.

पहिले काही तास: जागा

घटनास्थळी पोलीस असतील तर त्यांच्या कामात आडवं येऊ नका, कशालाही हात लावू नका. फोटो आणि व्हिडिओ मात्र काढा. आधी लांबून, मग जवळून, शेजारी काहीतरी ओळखीचं येईल असं: विजेचा खांब, होडीचा नंबर, देवळाची पायरी. जागा किनाऱ्यावर किंवा खाडीत असेल तर भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा आणि पाणी चढायच्या आत पंचनामा व्हावा असं तिथल्या अधिकाऱ्याला लेखी द्या. गावात कागद नसेल तर मेसेज पाठवा, पण लिहा. गोळी होडीच्या फळीत किंवा जांभ्याच्या गडग्यात रुतली असेल तर ती तुम्ही खणून काढू नका. तिचा फोटो काढा आणि ती जप्त करण्याची मागणी करा. गोळीचा कोन त्या छिद्रावरूनच कळतो.

व्हॉट्सॲपवर फिरवलेला व्हिडिओ पुराव्याच्या दृष्टीने अर्धा मेलेला असतो, कारण त्याची मूळ माहिती निघून जाते. ज्या फोनवर चित्रण झालं तो फोन तसाच ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पुढे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ उपकरण हाताशी असलं की सोपं जातं. बाजारपेठेतल्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे, मच्छी उतरवायच्या बंदरावरचे सीसीटीव्ही काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत पुसले जातात. त्याच दिवशी मालकाला लेखी विनंती करा आणि तिची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या.

साक्षीदारांची यादी करताना नाव, वाडी, फोन एवढं पुरे नाही. तो कुठे उभा होता हे लिहा. आपल्याकडे अर्धे साक्षीदार दुसऱ्या दिवशी बोटीवर निघून जातात आणि चाकरमानी रात्रीच्या गाडीने मुंबईला परततात, तेव्हा त्यांचे मुंबईचे पत्तेही घ्या.

घटना पाण्यावर घडली तर आधी हे नक्की करा की गोळी सागरी पोलिसांच्या बोटीवरून आली की तटरक्षक दलाच्या. सागरी पोलीस राज्याचे, तटरक्षक दल केंद्राचं. पुढची सगळी दारं यावरून बदलतात. बोटीचं नाव, जागेचा जीपीएस आणि वेळ तांडेलाकडून, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाकडून, लगेच उतरवून घ्या.

मृतदेह

इथे घाई करू नका, आणि कोणाला करूही देऊ नका.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सोळा निर्देश दिले. खटला आपल्याच राज्यातला होता, १९९५ ते १९९७ दरम्यानच्या मुंबईतल्या ९९ चकमकींबद्दलचा. त्यातला एक निर्देश असा: शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचं, त्यातला एक शक्यतो रुग्णालयाचा प्रमुख असावा, आणि त्याचं चित्रीकरण करून ते जपून ठेवायचं. म्हणजे मृतदेह तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेला असेल तर तो अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला हलवा अशी लेखी मागणी करा. शवागाराबाहेर ताटकळत उभं असताना अर्ज लिहिणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. घरातल्या ज्या माणसाचं डोकं त्यातल्या त्यात शांत आहे, त्याच्याकडे हे काम सोपवा.

डॉक्टरांकडे कशाची नोंद मागायची? प्रत्येक जखम आत शिरलेली की बाहेर पडलेली, ती पुढून की पाठीमागून, गोळीची दिशा वरून खाली की खालून वर. जखमेभोवती कातडी काळवंडली आहे का, दारूच्या कणांचे बारीक ठिपके आहेत का. या खुणा गोळी जवळून झाडल्याचं सांगतात. पन्नास फुटांवरून चकमक झाली असं कागदावर असेल आणि जखमेभोवती काळेपणा असेल, तर तिथेच गोष्ट फुटते. गोळीशिवायच्या जखमाही पाहायला सांगा: मनगटावरचे वळ, तळपायांवरची सूज.

कपडे धुवायचे नाहीत. ते सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून, सीलबंद करून मुद्देमालात जायला हवेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओले कपडे आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशीने खराब होतात.

मरणोत्तर पंचनाम्यावर कुटुंबातल्या कोणाची सही मागितली तर आधी पूर्ण वाचा. पटत नसेल ते सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा.

अंत्यसंस्काराचा निर्णय फार नाजूक आहे, तरी बोलायलाच हवं. शंका असेल तर दफनाचा विचार करा, कारण दहनानंतर पुन्हा तपासणी होऊ शकत नाही. बदलापूर शाळा प्रकरणातला आरोपी २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला तेव्हा त्याचं दफनच झालं होतं, आणि जागा मिळेपर्यंत कुटुंबाला न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली होती. तुमच्या गावात जागेवरून वाद होईल असं वाटत असेल तर सरपंच आणि तहसीलदार यांच्याशी आधीच बोला.

गुन्हा कोणावर नोंदवला, ते बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि इथेच लोक फसतात. गोळीबारानंतर ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो खरा, पण बहुतेक वेळा तो मेलेल्या माणसावर: पोलिसांवर खुनी हल्ला केला म्हणून. मृत्यूची नोंद एडी म्हणजे अकस्मात मृत्यू अशी होते. कुटुंबाला सांगितलं जातं की गुन्हा दाखल झाला आहे. वाक्य खरं असतं आणि अर्थ उलटा असतो.

म्हणून एफआयआरची प्रत मागा आणि आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवा. दुर्गम भागासाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. संवेदनशील गुन्हे यातून वगळले जातात, तसं झालं असेल तर कारण लेखी मागा.

तुमची स्वतंत्र फिर्याद द्या. ठाण्याने घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. उरण-पनवेलकरांनी लक्षात ठेवावं की त्यांचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, रायगड अधीक्षकांकडे नाही. तिथेही दखल घेतली नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. प्रत्येक कागदावर आवक शिक्का घ्या, नाहीतर पोस्टाची पावती जपा. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकलं नव्हतं असं समजूनच चाला.

अधीक्षकांना पहिल्याच आठवड्यात द्यायचं पत्र साधारण असं असावं:

“दिनांक … रोजी … येथे पोलीस गोळीबारात माझे … यांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ सप्टेंबर २०१४ च्या निर्देशांनुसार या मृत्यूचा तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा अन्य पोलीस ठाण्याच्या पथकाकडे, गोळीबारातील पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोपवावा. संबंधितांची शस्त्रे तपासणीसाठी जमा करून घ्यावीत. मिळालेल्या खबरेची लेखी नोंद, ठाणे दैनंदिनी व वायरलेस नोंदी जतन कराव्यात. मृताजवळ शस्त्र सापडल्याचे म्हणणे असल्यास त्या जप्तीचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे केलेले चित्रीकरण जतन करावे.”

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. खबर आधी लिहून ठेवायची हा पीयूसीएल निकालातला पहिलाच निर्देश आहे. चकमक झाल्यावर खबर लिहिली गेली असेल तर तारखा जुळत नाहीत. आणि जप्तीचं चित्रीकरण २०२४ च्या जुलैपासून कायद्यानेच बंधनकारक झालं आहे. मेलेल्याच्या हातात कट्टा होता असं म्हणणं असेल तर तो उचलतानाचा व्हिडिओ दाखवा, एवढंच म्हणायचं.

मृत्यू कोठडीत असताना झाला असेल तर ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठीही अर्ज करा. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि अठरा महिन्यांचं, निदान एक वर्षाचं चित्रण ठेवायला सांगितलं आहे. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, ते उत्तर न्यायालयात बोलतं.

दंडाधिकारी चौकशी, आणि त्यातली मेख

पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी व्हायलाच हवी, असं २०१४ चा निकाल सांगतो. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली होतं. मृत्यू कोठडीत झाला असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची. पण कोठडीबाहेरच्या प्रकरणात चौकशी पुष्कळदा प्रांताधिकाऱ्यांकडे जाते.

मेख इथे आहे. प्रांत हे महसुली अधिकारी, रोज पोलिसांबरोबर बंदोबस्ताच्या बैठका घेणारे. जमावावर बळ वापरायचा आदेश द्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनाही आहे. भूसंपादन त्याच कार्यालयातलं, आंदोलनाला परवानगी नाकारणारं पत्र त्याच कार्यालयातलं, आणि चौकशीही तिथेच, याला स्वतंत्र म्हणता येत नाही. माणूस प्रामाणिक असला तरीही नाही. तेव्हा चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यावी असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत जिल्हा न्यायाधीशांना पाठवा. अर्ज फेटाळला गेला तरी तो पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडतो.

चौकशीचं जाहीर आवाहन स्थानिक वर्तमानपत्रात लहानशा चौकटीत येतं, आणि म्हणणं मांडायला ठरावीक मुदत असते. गावातल्या वाचनालयात रोज बघा. नातेवाइकांना शक्य तिथे कळवायचं आणि चौकशीच्या वेळी हजर राहू द्यायचं, हे कलम १९६ मध्येच आहे. ओळीने सगळे साक्षीदार प्रतिज्ञापत्रासह द्या. एकाच मसुद्याच्या वीस प्रती देऊ नका. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याच्या शब्दांत, मालवणीत सांगितलं असेल तर मालवणीत.

बाहेरची दारं

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत ती द्यायला हवी. राज्य आयोगाकडे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम पाठवून गुंता करू नका. तटरक्षक दलाबद्दल तक्रार असेल तर ती मात्र राष्ट्रीय आयोगाकडेच, आणि तिथेही आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो, स्वतः तपास करत नाही. मुंबईत राहणारा घरचा माणूस इथे खरा कामाचा. तारखेला जाणं, शिक्का आणणं त्याला जमतं.

पोलीस तक्रार प्राधिकरण हे दुसरं दार. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने ते राज्य आणि जिल्हा पातळीवर मागितलं होतं आणि शिफारशी बंधनकारक असाव्यात असं म्हटलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभाग पातळी ठेवली. जिल्हा गळला. पालघरपासून दोडामार्गापर्यंत सगळा मिळून एकच कोकण विभाग! तरीही तक्रार द्या. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय राज्य प्राधिकरणाच्या कक्षेत आहेत, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात, आणि ते नातेवाइकांच्या वतीने दुसऱ्या कोणाची तक्रारही घेऊ शकतात. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलीस लोकपालाचं स्वतःचं तपास पथक आहे. आपल्या प्राधिकरणाला तसं पथक आणि जिल्ह्यात कार्यालय मिळावं, ही मागणी कोकणातल्या ग्रामसभांनी ठरावात घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

सत्र न्यायाधीशांचं दार लोकांना ठाऊकच नसतं. पीयूसीएल निकालाचा सोळावा निर्देश सांगतो की प्रक्रिया पाळली नाही किंवा तपास स्वतंत्र नाही असं कुटुंबाला वाटलं तर ते सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतात, आणि त्यांनी ती तपासायची आहे. जवळचं, स्वस्त आणि परिणामकारक. अर्जात भावना कमी आणि यादी जास्त ठेवा: कोणता निर्देश, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुरावा कोणता.

मग उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. रायगड, ठाणे, पालघर मुंबईलाच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली स्वतंत्र तपास आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतं. वकिलासाठी १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे आईच्या किंवा पत्नीच्या नावाने अर्ज केला तर वकील मोफत मिळतो.

दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दलच्या दाव्यांना सहा महिन्यांची मर्यादा आहे, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा. दुसरी मुदत सरकारसाठी आहे: पोलिसांवरच्या खटल्याला मंजुरी लागणार असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय व्हायला हवा, नाहीतर मंजुरी दिली असं धरलं जातं. मंजुरीची मागणी पोचल्याची तारीख म्हणून जपा.

कुटुंब थकलं तर

२३ सप्टेंबर २०२४ ला, पीयूसीएल निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, बदलापूर शाळा प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याच्यावरचा आरोप भयंकर होता. त्या लहान मुलींना भर न्यायालयात न्याय मिळायला हवा होता आणि गोळीने तो मार्गच बंद केला. दंडाधिकारी चौकशीने सोबतच्या पोलिसांना जबाबदार धरलं. ७ एप्रिल २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पथक नेमण्याचं काम पोलीस महासंचालकांकडे दिलं. पण या आदेशांच्या आधीच मृताच्या आई-वडिलांनी आता आम्हाला हे चालवायचं नाही असं उच्च न्यायालयाला सांगितलं होतं. न्यायालयाने तरीही प्रकरण सोडलं नाही, मदतीसाठी न्यायमित्र वकील नेमला.

गावात दबाव येतो. कोणी नोकरीचं बोलतं, कोणी धाकट्या भावावरच्या केसचं, कोणी चेक पुढे करतं. नुकसानभरपाई घेतल्याने फौजदारी तपास संपत नाही, त्यामुळे चेक घेताना ‘आमची तक्रार नाही’ असा मजकूर असेल तिथे सही करू नका. धमकी आली तर तारीख, वेळ, नंबर लिहून अधीक्षकांना आणि सत्र न्यायाधीशांना कळवा. आणि खरंच पुढे चालणं होत नसेल तर तेवढंच लिहून द्या: आमची ताकद संपली आहे, तक्रार कायम आहे, न्यायालयाने योग्य ते पाहावं. सगळ्या कागदांचा एक संच मुंबईच्या नातेवाइकाकडे आणि एक वकिलाकडे ठेवून मगच थांबा.